धातूच्या थरातले परके अणू

निकेलच्या दोन पट्ट्या समोर ठेवल्या आहेत. दोन्हींची जाडी सारखी आणि दोन्ही विजेच्या साहाय्याने, जवळजवळ एकसारख्या द्रावणातून तयार केलेल्या. फरक एवढाच की दुसऱ्या द्रावणात लिटरमागे एक-दोन ग्रॅम सॅकरिन घातले होते. पहिली पट्टी मंद राखाडी दिसते आणि बोटांनी सहज दुमडता येते. दुसरी लखलखते. तिची कठिनता पहिलीच्या दुप्पट-तिप्पट भरते आणि वाकवू गेले तर ती स्प्रिंगसारखी उसळून पूर्ववत होते. आता दोन्ही पट्ट्या भट्टीत ४०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवून गार करायच्या. पहिली आणखी मऊ होते आणि घडी घातली तरी तुटत नाही. दुसरी मात्र हातात घेऊन वाकवताच काड्‌कन तुटते.

रासायनिक विश्लेषणात दोन्ही पट्ट्या ९९.९ टक्क्यांहून शुद्ध निकेल ठरतात. दुसरीत गंधकाचे प्रमाण वजनाने टक्क्याच्या शेकडाव्या भागाच्या दोन-चार पट, म्हणजे दर दहा हजार अणूंमागे पाच-सहा अणू. एवढ्याशा गंधकानेच तिला आधी कणखर केले आणि तापवल्यावर ठिसूळही केले. विद्युत् विलेपनाने मिळवलेल्या धातूंचे सगळे नवल या एका उदाहरणात सापडते. इथे शुद्धतेचा टक्का पुरेसा सांगत नाही. कोणता परका अणू, किती आणि धातूच्या आत नेमका कुठे बसला आहे, यावर त्या धातूचे बळ ठरते.

न वितळता घडणारा धातू

व्होल्टाने १८०० मध्ये विद्युत् घट तयार केला आणि त्यानंतर पाचच वर्षांनी इटलीतील ब्रुन्यातेल्लीने विजेने सोन्याचा मुलामा चढवून दाखवला. १८३८ मध्ये रशियात मोरिट्झ हर्मान याकोबी याने तांब्याचा जाड थर चढवून, तो मूळ वस्तूपासून सोडवून तिची हुबेहूब प्रतिकृती मिळवण्याची पद्धत जाहीर केली. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये चांदी-सोन्याच्या मुलाम्याचे एकस्व घेतले आणि हा प्रकार कारखान्यात पोहोचला. तत्त्व आजही तेच आहे. धातूच्या क्षाराच्या द्रावणात दोन विद्युत् अग्रे बुडवायची. धातूचे आयन ऋणाग्राकडे सरकतात, तिथे इलेक्ट्रॉन घेतात आणि अणू होऊन पृष्ठभागावर बसतात.

ओतीव धातू आणि हा धातू यांच्यातला मूलभूत फरक तापमानाचा आहे. निकेल १४५५ अंशांना वितळते. ओतकामात ते त्या तापमानावरून हळूहळू उतरते, त्यामुळे अणूंना हिंडायला, आपापली जागा शोधायला आणि नकोशा अणूंना बाहेर ढकलायला सवड मिळते. विलेपनाचा बाथ, म्हणजे टाकीतले द्रावण, मात्र ४० ते ६० अंशांवर चालतो. जो अणू जिथे बसला, तिथून त्याला फार हलता येत नाही. शिवाय थर चढण्याचा वेग पाहा. प्रति चौरस डेसिमीटर ४ अँपिअर प्रवाह दिला तर फॅराडेच्या नियमानुसार ताशी सुमारे ४९ मायक्रॉन निकेल बसते. अणूंच्या भाषेत सांगायचे तर सेकंदाला साठाहून अधिक अणुथर. पृष्ठभागाला चिकटलेला परका अणू किंवा रेणू सुटून जाण्याआधीच त्याच्यावर पुढचे थर चढलेले असतात.

म्हणून वितळलेल्या निकेलमधून गार होताना जे गंधक बाहेर पडून कणांच्या कडेला निकेल सल्फाइड बनून साचले असते, तेच इथे धातूच्या अंगात विखुरलेले राहते. ही अवस्था स्थिर नाही. गंधक तिथे केवळ हलता येत नाही म्हणून थांबलेले असते. उष्णता मिळाली की ते हलू लागते.

सॅकरिनचे काम

ऑलिव्हर वॉट्स या अमेरिकी संशोधकाने १९१६ मध्ये निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक आम्ल यांचा जो बाथ सुचवला, तो आजही जगभरच्या निकेल प्लेटिंगचा पाया आहे. त्यात लिटरमागे तीनशे ग्रॅमच्या आसपास निकेल सल्फेट असते. नुसत्या या द्रावणातून मिळणारे निकेल मऊ आणि निस्तेज असते. त्याचे स्फटिककण पृष्ठभागावरून वर वाढत गेलेल्या खांबांसारखे असतात आणि त्यांची रुंदी मायक्रॉनमध्ये मोजावी लागते.

सॅकरिन हा गोडी आणणारा पदार्थ १८७९ मध्ये कॉन्स्टंटिन फाल्बर्ग यांना अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सापडला. त्याच्या रेणूत गंधकाचा एक अणू असतो. हा रेणू निकेलच्या वाढत्या पृष्ठभागावर चिकटतो आणि नेमक्या त्या जागा अडवतो, जिथे नवा अणू येऊन स्फटिक पुढे वाढणार असतो. वाट अडली की जुना कण वाढत नाही आणि शेजारी नवा कण जन्म घेतो. हे अखंड चालू राहिले की मायक्रॉनच्या खांबांऐवजी काही दशक नॅनोमीटरचे कण मिळतात. चिकटलेल्या रेणूंपैकी काहींचे ऋणाग्रावर विघटन होते, त्यांतले गंधक निकेलशी जुळते आणि थरात गाडले जाते.

कण बारीक झाले की धातू कणखर का होतो, याचे उत्तर ई. ओ. हॉल (१९५१) आणि एन. जे. पेच (१९५३) यांनी दिले. धातू वाकतो तेव्हा त्याच्या आतल्या स्फटिकांत विस्थापने, म्हणजे अणूंच्या रांगांतले दोष, सरकत जातात. कणसीमा आली की त्यांची वाट अडते. कण जितके लहान, तितके अडथळे जास्त. कणांच्या आकारामुळे मिळणारे बळ त्या आकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, म्हणजे कण शंभरपट लहान झाला तर हे बळ दहापट होते. बिनसॅकरिनच्या निकेलची व्हिकर्स कठिनता साधारण १५० ते २५० असते, तर सॅकरिन घातलेल्याची ४०० ते ६०० पर्यंत जाते. सॅकरिन आणखी एक काम करते. वॉट्स बाथमधले निकेल बसल्यावर आकसू पाहते आणि थरात ओढीचा ताण राहतो. सॅकरिनने हा ताण कमी होत शून्यावर येतो, आणि मात्रा वाढवली तर उलट दिशेला, दाबाकडे झुकतो. एका पदार्थाची एवढीशी मात्रा कठिनता, चमक आणि ताण या तिन्ही गोष्टी बदलते.

उष्णतेने बदलणारा डाव

विटांच्या भिंतीत विटा कितीही पक्क्या असल्या तरी सांध्यातला चुना भुसभुशीत झाला की भिंत सांध्यांवरच फुटते. तापवलेल्या गंधकयुक्त निकेलचे तसेच होते. तापमान २०० अंशांच्या पुढे गेले की अडकलेले गंधक हलू लागते आणि निकेलच्या जाळीत त्याला सोयीची जागा नसल्यामुळे कणसीमांवर जमा होते. तिथे निकेल-निकेलमधला बंध दुबळा होतो. कण स्वतः पक्के राहतात, पण एकमेकांना धरून ठेवत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पट्टीचा तुटलेला भाग पाहिला तर ओढून तुटलेल्या धातूचा तंतुमय खडबडीतपणा दिसत नाही. सुट्या झालेल्या स्फटिककणांचे सपाट पैलू दिसतात. तापमान आणखी वाढून साधारण ६४० अंशांच्या आसपास गेले, तर निकेल आणि निकेल सल्फाइड यांचे मिश्रण वितळूच लागते. त्यामुळे अशा निकेलला वेल्डिंग करायला गेले की जोडाशेजारी तडे जातात.

अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत जॅक डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या प्रश्नाचा बारकाईने पाठपुरावा केला. निकेल सल्फामेटच्या बाथमधून मिळणाऱ्या निकेलमध्ये गंधक दशलक्षात काही दशक भागांच्या पातळीवर बदलले, तरी आघात सहन करण्याची ताकद लक्षणीय कमी-जास्त होते, हे त्यांनी दाखवले. त्यावरचा उपायही याच काळात पक्का झाला. निकेलबरोबर थोडे मँगॅनीज बसू द्यायचे. मँगॅनीजला गंधकाची ओढ निकेलपेक्षा जास्त असते. तापवल्यावर गंधक कणसीमेवर पसरण्याआधीच मँगॅनीज त्याला मँगॅनीज सल्फाइडच्या रूपात बांधून ठेवते, आणि हे सल्फाइड १६०० अंशांपर्यंत वितळत नाही. पोलादाच्या इतिहासात रॉबर्ट मुशेट यांनी १८५६ मध्ये बेसेमर पोलादात मँगॅनीज घालून हेच साधले होते. म्हणजे एका परक्या अणूचा उपद्रव दुसऱ्या परक्या अणूने थांबवला.

या ज्ञानाचा मोठा उपयोग रॉकेट इंजिनात झाला. अमेरिकी स्पेस शटलच्या मुख्य इंजिनाच्या ज्वलनकक्षाचे अस्तर तांब्याच्या मिश्रधातूचे होते आणि त्याच्या बाहेरच्या अंगाने थंडाव्यासाठी ३९० उभ्या खाचा कोरलेल्या होत्या. त्यांतून अतिथंड हायड्रोजन वाहायचा. या खाचा बंद करणारी बाहेरची भिंत वेल्डिंगने किंवा ओतून केलेली नव्हती. खाचांत मेण भरून त्यावर विजेने धातू चढवला आणि मग मेण काढून टाकले. आधी तांब्याचा पातळ थर आणि त्यावर निकेलचा जाड थर, असा क्रम होता. उच्च दाबाचा हायड्रोजन निकेलला ठिसूळ करतो, तांब्याला तितका नाही. म्हणून तांब्याचा थर मध्ये पहारेकरी म्हणून ठेवला होता.

वाकणारी पट्टी

धातूचा थर चढताना स्वतःच ताणलेला असतो, हे १८७७ मध्ये एडमंड मिल्स यांनी दाखवले. त्यांनी तापमापकाच्या काचेच्या फुग्यावर धातू चढवला, तेव्हा तापमान स्थिर असूनही पारा वर सरकला. आकसणारा धातू फुग्याला आवळत होता. १९०९ मध्ये वाफेच्या टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स यांचे सहकारी जेराल्ड स्टोनी यांनी पोलादी मोजपट्ट्यांच्या एकाच बाजूवर निकेल चढवले. निकेल आकसले तशी पट्टी त्या बाजूला धनुष्यासारखी वाकली. किती वाकली हे मोजून थरातला ताण काढण्याचे सूत्र स्टोनी यांनी मांडले. आज संगणकाच्या चिपवरचे पातळ थर तपासतानाही तेच सूत्र वापरले जाते.

ताणाला परके अणू फार लवकर प्रतिसाद देतात. बाथमध्ये क्लोराइड वाढले की ओढ वाढते. लोखंड किंवा षट्‌संयुजी क्रोमियम शिरले की थर इतका ताणला जातो की तो आपोआप सोलून निघतो. गंधक असलेली सेंद्रिय द्रव्ये ताण दाबाकडे नेतात. म्हणूनच जिथे आकार मायक्रॉनच्या अंशाइतका नेमका हवा असतो, तिथे बाथची शुद्धता हाच आकाराचा आधार ठरतो.

युरोपची एक्सएमएम-न्यूटन ही क्ष-किरण वेधशाळा १० डिसेंबर १९९९ रोजी अवकाशात गेली. तिच्या तीन दुर्बिणींपैकी प्रत्येकीत एकात एक बसवलेले ५८ निकेलचे नळकांडीसारखे आरसे आहेत, म्हणजे एकूण १७४. प्रत्येक आरसा ६० सेंटीमीटर लांब आणि सर्वांत मोठ्याचा व्यास ७० सेंटीमीटर, तरी भिंतीची जाडी अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या आसपास. हे आरसे इटलीत विजेनेच घडवले. आरशासारख्या घासलेल्या साच्यावर आधी सोन्याचा थर आणि त्यावर निकेल चढवले. मग सगळे थंड केले. साच्याचे ॲल्युमिनियम निकेलपेक्षा जास्त आकसते, त्यामुळे आरसा सोन्याच्या अस्तरासह साच्यावरून अलगद निसटतो. निकेलमध्ये ताण राहिला असता तर साच्यावरून निसटताच आरशाचा आकार बिघडला असता. इतक्या पातळ कवचाचा आकार टिकला, याचे श्रेय ताण शून्याजवळ ठेवणाऱ्या बाथला आणि तो बाथ स्वच्छ ठेवणाऱ्या लोकांना आहे.

सर्वांत लहान उपद्रवी

हायड्रोजनचा अणू सर्वांत लहान आहे आणि पाण्यातल्या प्रत्येक बाथमध्ये तो हजर असतो. ऋणाग्रावर धातूबरोबर थोडा हायड्रोजनही तयार होतो. बराचसा बुडबुडे होऊन जातो, पण काही अणू थरात आणि खालच्या पोलादात शिरतात. १८७५ मध्ये डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक साधे निरीक्षण मांडले. आम्लात बुडवलेली लोखंडी तार वाकवताच तुटते, तुटलेला भाग ओला केला तर त्यातून बुडबुडे निघतात, आणि तार काही काळ ठेवली किंवा गरम केली तर ती पुन्हा चिवट होते. धातूच्या आत वायू शिरतो आणि बाहेरही पडतो, हे त्यातून उघड झाले.

मऊ पोलादाला यामुळे फारसे होत नाही. धोका असतो तो उच्चशक्तीच्या पोलादाला, म्हणजे विमानाच्या चाकांच्या दांड्यांना, जोराने आवळलेल्या बोल्टना आणि स्प्रिंगना. असा बोल्ट जस्त किंवा कॅडमियम प्लेटिंग करून बसवला तर आवळताना काहीच होत नाही. काही तासांनी किंवा दिवसांनी, भार वाढलेला नसतानाही, तो तुटतो. हायड्रोजन जिथे ताण जास्त आहे तिथे, म्हणजे आट्यांच्या खोबणीच्या तळाशी, हळूहळू गोळा होत असतो. म्हणून प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत असे भाग १९० ते २२० अंशांवर भट्टीत घालतात आणि पोलादाच्या कणखरपणाप्रमाणे कित्येक तास तिथे ठेवतात. चाचणीही त्या विलंबाला धरून आखलेली आहे. खाच पाडलेला नमुना त्याच्या तुटण्याच्या बळाच्या ७५ टक्के भाराखाली २०० तास ठेवतात. तेवढ्या अवधीत तो तुटला नाही तरच प्रक्रिया पास.

हार्ड क्रोममध्ये, म्हणजे झीज रोखण्यासाठी चढवलेल्या क्रोमियमच्या थरात, हायड्रोजनची गोष्ट वेगळ्या प्रकारे दिसते. क्रोमियम बसताना काही प्रमाणात क्रोमियम हायड्राइड बनते आणि मग विघटित होऊन त्याचे क्रोमियम होते. या बदलात आकारमान घटते, थर आकसतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांचे जाळे तयार होते. थरात अडकलेला ऑक्सिजन आणि हायड्रोजन, बारीक कण आणि आतला ताण यांच्यामुळे या क्रोमची व्हिकर्स कठिनता ८०० ते १००० पर्यंत जाते. ओतीव क्रोमियम याच्या कित्येक पट मऊ असते. हायड्रॉलिक सिलिंडरचे दांडे वर्षानुवर्षे झिजत नाहीत, ते यामुळे.

तांब्यातला बिस्मथ आणि सरस

तांब्याच्या शुद्धीकरणात अशुद्ध तांब्याचे जाड पत्रे धनाग्र म्हणून लावतात आणि विरघळलेले तांबे ऋणाग्रावर पुन्हा बसवतात. जेम्स एल्किंग्टन यांनी १८६५ मध्ये याचे एकस्व घेतले. सोने-चांदी विरघळत नाहीत, ती गाळात जातात. आर्सेनिक, अँटिमनी आणि बिस्मथ द्रावणात उतरतात आणि तिथून तांब्यात शिरायला टपलेले असतात. यांपैकी बिस्मथ सर्वांत वाईट. तो तांब्यात जवळजवळ विरघळत नाही, कणसीमांवर पसरतो आणि तांबे ठिसूळ करतो. म्हणून सर्वोच्च प्रतीच्या कॅथोड (ऋणाग्रावर बसलेल्या) तांब्यात बिस्मथची मर्यादा दहा लाखांत २ भाग इतकी कडक आहे. सर्व ठरावीक अशुद्धी मिळून ६५ भागांच्या वर चालत नाहीत. रायगड जिल्ह्यात तळोजा येथे हिंदुस्थान कॉपरचा प्रकल्प कॅथोड वितळवून तारेसाठी सलग सळई ओततो. त्या सळईची पुढे केसासारखी बारीक तार ओढताना ती वाटेत तुटू नये, याची खातरजमा कॅथोडच्या टाकीतच झालेली असते.

गंमत अशी की त्याच टाक्यांत मुद्दाम सरसही घालतात, तोच हाडा-कातड्यापासून उकळून काढलेला. त्याशिवाय थायोयुरिया आणि किंचित क्लोराइड. सरसामुळे कण बारीक होतात आणि पृष्ठभाग सपाट येतो. नाहीतर गाठी वाढतात, गाठींच्या बेचक्यांत द्रावण अडकते आणि त्याबरोबर अशुद्धीही. म्हणजे एक परका पदार्थ मोजून घालायचा, तो इतर परक्या पदार्थांना दूर ठेवण्यासाठी.

इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डमध्ये एका थरातून दुसऱ्या थरात जाणाऱ्या छिद्रांच्या आत तांब्याची नळी विजेनेच चढवलेली असते. सोल्डरिंगच्या वेळी बोर्ड अडीचशे अंशांच्या आसपास तापतो. तांबे दर अंशामागे दहा लाखांत १७ भाग प्रसरण पावते, तर काच-इपॉक्सीचा बोर्ड जाडीच्या दिशेने त्याच्या कित्येक पट फुगतो. ताणली जाते ती तांब्याची नळी. बाथमधल्या ब्राइटनरचे, म्हणजे चमक आणणाऱ्या द्रव्याचे, तुकडे झालेले सेंद्रिय अवशेष तांब्यात शिरले असतील तर त्याची तन्यता घटते आणि नळीला आडवा तडा जातो. संगणकाच्या चिपमध्ये तांब्याच्या वाहिन्या आणण्याचे तंत्र आयबीएमने १९९७ मध्ये जाहीर केले, तेव्हा आणखी एक नवल नजरेत भरले. नुकतेच चढवलेले तांबे खोलीच्या तापमानालाच, काही तासांत किंवा दिवसांत, स्वतःहून मोठ्या कणांत बदलते आणि मऊ होते. थरात अडकलेले गंधक, क्लोरिन आणि कार्बन जास्त असले की हा बदल रेंगाळतो.

जिथे शुद्धता घातक ठरते

कथलाच्या बाबतीत डाव उलटा आहे. शुद्ध कथलाच्या चकचकीत थरातून महिन्या-वर्षांनी मायक्रॉनभर जाडीचे, पण मिलिमीटरभर किंवा त्याहून लांब तंतू आपोआप उगवतात. थरात दाबाचा ताण असतो, खालचे तांबे कथलाशी संयोग पावत राहिल्याने तो वाढत जातो आणि कथील या तंतूंच्या रूपाने बाहेर ढकलले जाते. असा तंतू शेजारच्या तारेला टेकला की शॉर्ट सर्किट. १९ मे १९९८ रोजी गॅलेक्सी-४ हा दळणवळण उपग्रह बंद पडला आणि अमेरिकेतले लाखो पेजर मुके झाले. तपासात संशयाचा रोख अशाच तंतूकडे गेला.

यावरचा उपाय बेल प्रयोगशाळेतील एस. एम. अर्नोल्ड यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आणला. कथलात थोडे शिसे मिसळायचे. सुमारे ३ टक्के शिशाने कणांची खांबासारखी रचना मोडते आणि तंतूंची वाढ खुंटते. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर निर्बंध आणले. आरोग्यासाठी ते आवश्यकच होते. पण शिसे गेल्यावर तंतूंचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि निकेलचा अडथळा-थर, जाड कथील, तापवून ताण घालवणे असे नवे उपाय शोधावे लागले.

टाकीशेजारची चाचणी

हे सगळे ज्ञान शेवटी वापरावे लागते ते पिंपरी-चिंचवड, वाळूज किंवा सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या प्लेटिंग शॉपमध्ये, टाकीच्या काठावर. तिथे बाथ बिघडला हे पहिल्यांदा कळते जॉबवरून, म्हणजे प्लेटिंगसाठी आलेल्या भागावरून. कोपरे करपतात, थर सोलतो, खोबणीत काळे डाग पडतात. कारण शोधायला सर्वांत हाताशी असलेले साधन म्हणजे रिचर्ड हल यांनी १९३० च्या दशकात शोधलेला हल सेल. २६७ मिलिलिटर द्रावण मावणारी ही छोटी टाकी आयताकृती नसते. तिची एक बाजू तिरपी असते आणि तिच्यावर पितळेची पट्टी टेकवतात. पट्टीचे एक टोक धनाग्राजवळ, दुसरे दूर. त्यामुळे एकाच पट्टीवर एका टोकाला भरपूर आणि दुसऱ्या टोकाला अगदी कमी प्रवाह-घनता मिळते.

पाच-दहा मिनिटांनी पट्टी काढून, धुऊन, उजेडात धरली की बाथ बोलू लागतो. कमी प्रवाहाच्या टोकाला काळपट सावली असेल तर तांबे, जस्त किंवा शिसे शिरले आहे. जास्त प्रवाहाच्या टोकाला थर फुटून पापुद्रे सुटत असतील आणि कमी प्रवाहाच्या टोकाला थरच बसला नसेल, तर क्रोमियमवर संशय. तेच क्रोमियम, जे शेजारच्या टाकीतून हँगरवरून थेंबाथेंबाने आलेले असते. सगळीकडे धुरकटपणा असेल तर सेंद्रिय अवशेष.

उपायही तितकेच ठरलेले. तांबे आणि जस्त काढायला नालीदार पत्रा लावून अगदी कमी प्रवाहावर तासन्‌तास ‘डमी’ चालवतात. परके धातू आधी पत्र्यावर बसतात आणि निकेल मागे राहते. लोखंडासाठी पीएच वाढवून हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात आणि साका गाळून काढतात. सेंद्रिय घाणीला सक्रियित कार्बन. कार्बन सॅकरिन सहसा सोडून देतो, पण इतर ब्राइटनर खेचून घेतो. त्यामुळे ट्रीटमेंटनंतर त्यांची मात्रा पुन्हा मोजून भरावी लागते. घाईत अंदाजाने भरली तर थर चमकतो आणि ठिसूळही होतो.

मोटारीच्या बंपरसारख्या भागांवरचे दुहेरी निकेल हा या ज्ञानाचा सर्वांत सुंदर रोजचा वापर आहे. खालचा थर अर्धचमकदार, त्यात गंधक ०.००५ टक्क्यांहून कमी आणि किमान ८ टक्के लांबण्याची क्षमता. वरचा थर चमकदार, गंधक ०.०४ टक्क्यांहून जास्त. वरच्या थरातल्या गंधकामुळे तो खालच्यापेक्षा आधी गंजतो. गंज खाली भेदत जाण्याऐवजी आडवा पसरतो आणि पोलाद वाचते. चिवटपणा खालच्या थराचा आणि चमक वरच्याची. एकाच धातूचे हे दोन स्वभाव केवळ गंधकाच्या हिशेबाने वेगळे केलेले आहेत.

अणूंचा हिशेब

परक्या अणूंशिवाय बळ मिळतच नाही, असेही नाही. २००४ मध्ये चीनमधील शेनयांगच्या धातुसंशोधन संस्थेत लु लेई आणि सहकाऱ्यांनी विजेच्या झटक्यांनी अतिशुद्ध तांबे चढवले. त्याचे कण एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्यांनी भरलेले होते. त्याची ताणशक्ती १०६८ मेगापास्कल भरली, म्हणजे मऊ तांब्याच्या सुमारे पाचपट, आणि वीज वाहण्याची क्षमता शुद्ध तांब्याइतकीच राहिली. दुसऱ्या टोकाला कॅनडात १९९० च्या दशकात अणुऊर्जा केंद्रांतील वाफजनित्रांच्या झिजलेल्या नळ्या आतून निकेलचा थर चढवून दुरुस्त केल्या गेल्या. त्या निकेलमध्ये मुद्दाम थोडा फॉस्फरस ठेवला होता. तोही कणसीमांवर जाऊन बसतो, पण गंधकासारखी सीमा दुबळी करत नाही. तो तिला जागेवर धरून ठेवतो आणि तापमानामुळे कण मोठे होऊ देत नाही.

गंधक आणि फॉस्फरस आवर्तसारणीत शेजारी आहेत. दोघेही कणसीमेवरच जातात. एक निकेलला ठिसूळ करतो, दुसरा टिकवतो. म्हणून प्लेटिंगच्या कामात ‘शुद्ध निकेल’ किंवा ‘चमकदार फिनिश’ एवढ्यावर भागत नाही. जाडीबरोबर गंधकाची मर्यादा लिहून मागावी. लांबण्याची किमान टक्केवारी मागावी. तो भाग पुढे तापणार असेल तर तापवल्यानंतरची वाकवण्याची चाचणी मागावी, आणि पोलाद उच्चशक्तीचे असेल तर भट्टीची वेळ नोंदवून घ्यावी. धातुशास्त्र आणि विद्युत् रसायन शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना या दोन विषयांचा सांधा महाविद्यालयातच शिकवला जावा, कारण प्लेटिंगच्या टाकीत ते दोन्ही विषय एकाच वेळी चालू असतात. दहा लाखांत एका अणूचा हिशेब ठेवणे कष्टाचे आहे. पण विमानाचा बोल्ट, उपग्रहाचा आरसा आणि घरातल्या टीव्हीचा बोर्ड त्या हिशेबावरच उभे आहेत, आणि तो हिशेब ठेवण्याची साधने आज लहानशा कारखान्यालाही परवडण्यासारखी आहेत.